वजन कसे उतरते?

एके काळी मुंबईपासून हावड्यापर्यंत बहुतेक मोठ्या रेल्वे स्थानकांवर रंगीत दिव्यांचे वजनाचे यंत्र उभे असे. त्यावर उभे राहून फटीत नाणे टाकले की आतले चक्र फिरे आणि जाड कागदाचे एक छोटे तिकीट बाहेर पडे. तिकिटाच्या एका बाजूला वजन छापलेले असे आणि दुसऱ्या बाजूला भविष्य! प्रवासी दोन्ही बाजू सारख्याच उत्सुकतेने वाचत. आता घरोघरी वजनकाटा आला आहे. तिकिटामागचे भविष्य गेले, पण काट्यावरचा आकडा हेच आपले भविष्य आहे असे मानणारे लोक मात्र वाढले आहेत.

वजन कमी करण्याचा निश्चय केलेल्या माणसाचा अनुभव साधारणपणे असा असतो. आहार मोजका केला, रोज चालणे सुरू केले. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो वजन उतरले, त्यामुळे उत्साह दुणावला. दुसऱ्या आठवड्यात वजन जेमतेम हलले. तिसऱ्या आठवड्यात तर ते होते तिथेच राहिले, उलट थोडे वाढले. आहार तोच, चालणे तेच, मग चुकले कुठे? मन खट्टू होते. आणि एखाद्या सकाळी, काहीही वेगळे केलेले नसताना, काटा एकदम एक-सव्वा किलो खाली आलेला दिसतो.

वजन जिना उतरल्यासारखे का उतरते? ते मध्येच का थांबते आणि मग एकाएकी का घसरते? या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे अनेक जण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात प्रयत्न सोडून देतात. काही जण त्याहून घातक मार्ग धरतात. ते जेवणच बंद करतात किंवा जाहिरातीतली औषधे घेऊ लागतात. म्हणून या प्रश्नाचे उत्तर समजून घेणे हे केवळ ज्ञानासाठी नव्हे, तर आरोग्यासाठीही आवश्यक आहे.

वजन म्हणजे नेमके कशाचे वजन?

काटा फक्त एकच गोष्ट सांगतो. त्या क्षणी त्याच्यावर असलेल्या सगळ्या वस्तुमानाची बेरीज किती आहे, एवढेच. त्या बेरजेत हाडे, स्नायू, रक्त, मेद म्हणजे चरबी, पोटातील अन्न, आतड्यातील मळ, मूत्राशयातील मूत्र असे सगळे काही असते. यांतील सर्वांत मोठा वाटा पाण्याचा. प्रौढ माणसाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाणीच असतो. साठ किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात तीस ते पस्तीस लिटर पाणी असते असे म्हणता येईल.

हे पाणी स्थिर नसते. ते पिण्यातून आणि जेवणातून आत येते. मूत्र, घाम, मळ आणि श्वास यांवाटे बाहेर जाते. इटलीतील पादुआ येथील वैद्य सांतोरियो याने एक प्रचंड तराजू बनवून त्याला खुर्ची टांगली होती. त्या खुर्चीत बसून तो स्वतःचे, खाल्लेल्या अन्नाचे आणि बाहेर पडलेल्या मलमूत्राचे वजन करीत असे. खाल्ले-प्यायलेले सगळे मलमूत्रावाटे बाहेर येत नाही, बराच भाग न दिसता त्वचेतून आणि श्वासातून निघून जातो, हे त्याने दाखवून दिले. त्याचे पुस्तक १६१४ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे शरीराचे वजन क्षणोक्षणी बदलत असते ही गोष्ट चारशे वर्षांपूर्वीच मोजली गेली होती.

त्यामुळे एकाच माणसाच्या वजनात एका दिवसात एक ते दोन किलोंचा फरक पडणे ही अगदी सामान्य बाब आहे. एक तांब्या पाणी प्यायले की काटा वर जातो. पण म्हणून कोणी लठ्ठ होत नाही.

मेदाचा संथ हिशोब

वजन कमी करायचे म्हणजे खरे तर मेद कमी करायचा. शरीरातील एक किलो मेदात सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठवलेली असते. समजा, एखादी व्यक्ती रोज शरीराच्या गरजेपेक्षा ५०० किलोकॅलरी कमी ऊर्जा घेते. ही तूट भरून काढण्यासाठी शरीर साठवलेला मेद वापरते. मग एका दिवसात किती मेद घटेल? ५०० भागिले ७,७००, म्हणजे सुमारे ६५ ग्रॅम. आठवड्याला साधारण ४५० ग्रॅम.

आता हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. मेद रोज घटतो ६५ ग्रॅम. पाण्याचा आणि अन्नाचा चढउतार होतो एक ते दोन किलोंचा. पासष्ट ग्रॅमची घट एक-दोन किलोंच्या लाटेत बुडून गेली तर त्यात नवल ते काय? मेद अगदी प्रामाणिकपणे घटत असतो, पण काट्यावर त्याचा मागमूसही दिसत नाही.

घटलेला मेद जातो तरी कुठे, असा प्रश्नही अनेकांना पडतो. तो घामावाटे वितळून जातो अशी समजूत आहे. ती खरी नाही. मेदाचा प्राणवायूशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात हा हिशोब मांडला आहे. दहा किलो मेद पूर्णपणे वापरला गेला, तर त्यातील सुमारे ८.४ किलो वस्तुमान कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने उच्छ्वासातून बाहेर पडते आणि उरलेले १.६ किलो पाणी बनते. म्हणजे मेद मुख्यतः श्वासावाटे जातो. हे काम सावकाश, अखंड आणि नकळत चालते. एका रात्रीत दीड किलो मेद नाहीसा होणे शक्यच नाही. एका रात्रीत जे जाते, ते पाणी असते.

पहिल्या आठवड्याची घाई

मग पहिल्याच आठवड्यात वजन इतक्या झपाट्याने का उतरते? याचे कारण ग्लायकोजन नावाच्या साठ्यात आहे. भात, पोळी, भाकरी, साखर अशा पिष्टमय व गोड पदार्थांपासून मिळालेल्या ग्लुकोजचा काही भाग शरीर ग्लायकोजनच्या रूपाने यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवते. हा साठा मोठा नसतो. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत तीन-चारशे ग्रॅम. परंतु प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. आहार कमी होताच शरीर प्रथम या साठ्यातून खर्च करू लागते. साठा कमी झाला की त्याच्या सोबतीचे पाणीही सुटते आणि मूत्रावाटे निघून जाते.

याच वेळी आणखी एक गोष्ट घडते. पिष्टमय पदार्थ कमी झाल्याने रक्तातील इन्शुलिन या संप्रेरकाची पातळी खाली येते. इन्शुलिन मूत्रपिंडांना सोडियम राखून ठेवण्यास सांगत असते. ते कमी झाले की मूत्रपिंडे अधिक सोडियम बाहेर टाकतात आणि त्याच्यामागून पाणीही जाते. पोटातील अन्नाचा भारही कमी झालेला असतोच. या सर्वांचा परिणाम म्हणून पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. दिवाळीचा फराळ किंवा लग्नाचे जेवण झाले की दुसऱ्या दिवशी वजन दीड किलोने वाढलेले दिसते. ‘महिन्याची मेहनत वाया गेली’ असे म्हणून माणूस कपाळाला हात लावतो. पण दीड किलो मेद साठण्यासाठी गरजेपेक्षा सुमारे ११,५०० किलोकॅलरी जास्त खाव्या लागतील. एका पंगतीत तेवढे खाणे कोणालाही जमणार नाही. वाढलेले असते ते बहुतांशी ग्लायकोजन, मीठ आणि त्यांनी धरून ठेवलेले पाणी.

वजन थांबते तेव्हा

ग्लायकोजनचे पाणी एकदाच जायचे असते. ते गेल्यावर खरी, संथ घट उरते. आणि याच सुमारास पाणी साठवणारी इतर कारणे पुढे येतात.

पहिले कारण मीठ. रुग्णालयात लावल्या जाणाऱ्या सलाईनच्या एक लिटर बाटलीत ९ ग्रॅम मीठ असते. रक्ताशी मेळ राखणारे हे प्रमाण आहे. याचा अर्थ असा, की शरीरात नऊ ग्रॅम जादा मीठ राहिले तर त्याच्याबरोबर सुमारे एक लिटर, म्हणजे एक किलो पाणीही राहू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. लोणचे, पापड, फरसाण, खारे शेंगदाणे यांचा मारा झाला तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते आणि मूत्रपिंडांना हे जादा मीठ बाहेर टाकायला एक-दोन दिवस लागतात.

दुसरे कारण व्यायाम. सवय नसताना व्यायाम सुरू केला की स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. ती भरून येताना तेथे पाणी जमते. अंग दुखते ते याच काळात. नियमित व्यायामाने रक्तातील द्रवाचे प्रमाणही थोडे वाढते. म्हणजे ज्या आठवड्यात माणूस सर्वाधिक कष्ट घेतो, त्याच आठवड्यात काटा जागचा हलत नाही. हे अपयश नव्हे. शरीर नव्या कामासाठी तयार होत असल्याची ती खूण असते.

तिसरे कारण स्त्रियांच्या बाबतीत महत्त्वाचे आहे. मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांत आणि पाळी सुरू होताना अनेक स्त्रियांच्या शरीरात पाणी साठते. काहींना ते जाणवतही नाही, तर काहींचे वजन एक-दोन किलोंनी वाढते आणि पाळी सुरू झाल्यावर उतरते. म्हणून स्त्रियांनी या आठवड्याची तुलना मागील आठवड्याशी न करता मागील महिन्याच्या त्याच आठवड्याशी केलेली बरी.

चौथे कारण पोटाचे. आहार एकाएकी बदलला, पाणी कमी पडले किंवा तंतुमय पदार्थ कमी झाले तर मलावरोध होतो. भाज्या आणि कडधान्ये वाढवली तर आतड्यातील ऐवज जड होतो. दोन्ही बाबतींत काटा वर सरकतो.

पाचवे कारण ताण आणि अपुरी झोप. ताणाच्या काळात कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक अधिक स्रवते. त्याचे प्रमाण वाढले तर शरीर मीठ आणि पाणी राखून ठेवू शकते. अति कमी खाणे हाही शरीराच्या दृष्टीने एक ताणच असतो.

ही गोष्ट एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. पावसाळ्यात घरात धान्याचे पोते ठेवले आहे. त्यातून रोज मूठभर धान्य काढले जाते. पण हवा दमट असल्याने उरलेले धान्य ओल धरते. पोते रोज तराजूवर ठेवले तर वजन तेवढेच भरेल. मग एक दिवस कडक ऊन पडते, ओल निघून जाते आणि पोते एकदम हलके होते. त्या दिवशी धान्य कमी झाले काय? नाही. धान्य तर रोजच कमी होत होते. त्या दिवशी फक्त ते दिसले.

भुकेने दाखवलेले सत्य

शरीरातील पाणी खऱ्या घटीला कसे झाकून टाकते, याचा सविस्तर पुरावा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिळाला. त्या काळी जगाच्या मोठ्या भागात उपासमार होती. १९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. युरोपातही लाखो लोक अर्धपोटी होते. उपाशी माणसांना पुन्हा कसे उभे करावे हे शोधण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने नोव्हेंबर १९४४ मध्ये एक प्रयोग सुरू केला. नैतिक कारणांसाठी युद्धात शस्त्र धरण्यास नकार दिलेल्या ३६ तरुणांनी त्यात स्वेच्छेने भाग घेतला. चोवीस आठवडे त्यांना नेहमीच्या सुमारे निम्माच आहार देण्यात आला. त्यात पाव, बटाटे, सलगम, कोबी असे पदार्थ असत. शिवाय दर आठवड्याला सुमारे पस्तीस किलोमीटर चालणे सक्तीचे होते.

या तरुणांचे वजन सरासरी एक चतुर्थांशाने घटले. परंतु सुरुवातीला घट जलद होती आणि पुढे पुढे ती मंदावत गेली. त्यांचे स्नायू आणि मेद झिजत होते, तरी घोट्यांवर आणि चेहऱ्यावर सूज येऊ लागली. शरीरातील पाण्याचे प्रमाण वाढले होते. काटा जेवढी घट दाखवीत होता, त्याहून खरी झीज अधिक होती. या प्रयोगाचा वृत्तान्त १९५० साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

भारतातील पोषण पुनर्वसन केंद्रांतही याचेच एक रूप पाहायला मिळते. तीव्र कुपोषणाने सूज आलेल्या बालकाला योग्य आहार आणि उपचार सुरू केले की प्रथम त्याचे वजन वाढत नाही. उलट ते कमी होते. सूज उतरून साठलेले पाणी बाहेर पडत असते. ज्याला हे ठाऊक नाही, ती आई घाबरून जाते. जाणकार परिचारिका मात्र तिला धीर देते, कारण काट्यावर कमी झालेले वजन हे त्या बाळाच्या सुधारणेचे पहिले चिन्ह असते. अर्थात, काटा खोटे बोलत नाही. पण तो पूर्ण हकीकतही सांगत नाही.

एकाएकी घसरण का होते?

साठलेले पाणी कायमचे राहत नाही. खारट पदार्थ कमी होतात, स्नायूंची दुखापत भरून येते, पाळी सुरू होते, पोट साफ होते, दोन रात्री गाढ झोप लागते. यांपैकी दोन-तीन गोष्टी एकाच वेळी घडल्या की मूत्रपिंडे धरून ठेवलेले पाणी सोडतात. मग तीन आठवडे झाकली गेलेली मेदाची घट एका सकाळी उघडी पडते.

एक काल्पनिक हिशोब पाहू. एका व्यक्तीचे वजन ७० किलो आहे आणि तिचा मेद दर आठवड्याला ४०० ग्रॅमने घटतो.

पहिला आठवडा : मेद ०.४ किलो कमी, पाणी १.२ किलो कमी. काट्यावर ६८.४ किलो.
दुसरा आठवडा : मेद ०.४ किलो कमी, पाणी ०.४ किलो जास्त. काट्यावर ६८.४ किलो.
तिसरा आठवडा : मेद ०.४ किलो कमी, पाणी ०.५ किलो जास्त. काट्यावर ६८.५ किलो.
चौथा आठवडा : मेद ०.४ किलो कमी, पाणी १.० किलो कमी. काट्यावर ६७.१ किलो.

काट्यावरून पाहिले तर पहिला आठवडा यशाचा, पुढचे दोन अपयशाचे आणि चौथा चमत्काराचा वाटतो. प्रत्यक्षात चारही आठवडे सारखेच यशाचे होते. दर आठवड्याला मेद तेवढाच घटला. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ज्याने प्रयत्न सोडला, त्याने १.२ किलो मेद घटवूनही स्वतःला हरलेले मानले.

या घसरणीविषयी एक समजूत बरीच पसरली आहे. मेदाच्या पेशी रिकाम्या झाल्या की त्यांत पाणी भरते आणि मग ते एकदम बाहेर फेकले जाते, असे सांगितले जाते. या कल्पनेला शास्त्रीय आधार मिळालेला नाही. पाणी साठते ते प्रामुख्याने पेशींच्या बाहेरील जागेत, स्नायूंत आणि रक्तात.

कधी कधी थांबा खराही असतो

वजन थांबले की प्रत्येक वेळी पाण्यालाच दोष द्यायचा, हेही योग्य नाही. दोन-तीन आठवड्यांचा थांबा बहुधा पाण्याचा असतो. परंतु दोन-तीन महिने वजन मुळीच हलले नाही, तर ऊर्जेची तूटच संपलेली असण्याची शक्यता अधिक.

वजन कमी झालेल्या शरीराला कमी ऊर्जा लागते. लहान बिऱ्हाडाचा खर्च कमी, तसेच हे. हलके शरीर हलवायला श्रम कमी पडतात. शिवाय माणूस नकळत हालचालही कमी करतो. त्यामुळे आरंभी जो आहार तूट निर्माण करीत होता, तोच पुढे पुरेसा होतो. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे केव्हिन हॉल आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ साली याचा गणिती आराखडा प्रसिद्ध केला. सर्वसाधारण प्रौढ व्यक्तीने रोजच्या आहारात सुमारे २४ किलोकॅलरींची घट कायम ठेवली, तर अखेरीस सुमारे एक किलो वजन उतरते. त्यातील निम्मी घट व्हायला साधारण एक वर्ष आणि जवळजवळ संपूर्ण घट व्हायला तीन वर्षे लागतात. म्हणजे वजन उतरण्याचा वेग हळूहळू मंदावणे हा निसर्गाचा नियमच आहे.

दुसरे कारण विसरण्याचे. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी १९९२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ‘आम्ही अगदी कमी खातो, तरी वजन उतरत नाही’ असे सांगणाऱ्या दहा व्यक्तींची त्यांनी तपासणी केली. त्यांचे चयापचय व्यवस्थित होते. मात्र त्या प्रत्यक्षात खात होत्या त्यापेक्षा आपला आहार सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगत होत्या आणि शारीरिक हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. त्या खोटे बोलत होत्या असे नव्हे. चहाबरोबरची बिस्किटे, भाजीवर सोडलेले जादा तेल, मुलाच्या ताटात उरलेले दोन घास हे कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. मराठीत ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असे गमतीने म्हणतात. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू आणि बटाट्याचा कीस यांनी साजरा केलेला उपवास पुण्य देत असेल. ऊर्जेची तूट देईलच असे नाही.

शंभर ग्रॅमचे मोल

वजन आणि पाणी यांचे नाते किती निकटचे आहे, हे सगळ्या देशाने ऑगस्ट २०२४ मध्ये पाहिले. पॅरिस येथील ऑलिंपिक स्पर्धेत कुस्तीपटू विनेश फोगाट महिलांच्या ५० किलो गटात उतरली होती. पहिल्या दिवशी सकाळी तिचे वजन मर्यादेत भरले. तीन लढती जिंकून तिने अंतिम फेरी गाठली. त्या दिवसाच्या अन्नपाण्याने तिचे वजन दोन किलोंहून अधिक वाढले. रात्रभर व्यायाम करून, घाम गाळून, अगदी केस कापूनही दुसऱ्या सकाळी काटा ५० किलोंवर १०० ग्रॅम अधिक दाखवीत राहिला आणि तिला अपात्र ठरवण्यात आले. चोवीस तासांत चढलेले आणि उतरवलेले ते वजन मेदाचे नव्हते. ते मुख्यतः पाणी होते.

खेळाडूंवर तज्ज्ञांची देखरेख असते, तरीही हा प्रकार धोक्याचा आहे. १९९७ साली अमेरिकेत गटाच्या मर्यादेत बसण्यासाठी शरीरातील पाणी घटवताना महाविद्यालयीन वयाच्या तीन कुस्तीगिरांचा मृत्यू झाला होता. सामान्य माणसाने वजन थांबले म्हणून पाणी पिणे कमी करणे, लघवी वाढवणाऱ्या किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणे, जाड कपडे घालून भर उन्हात धावणे हे सर्वथा वर्ज्य आहे. अशा उपायांनी काटा खाली येतो, पण मेद एक ग्रॅमही कमी होत नाही. उलट मूत्रपिंडे आणि हृदय यांवर संकट ओढवते.

काट्याकडे कसे पाहावे?

वजन नेहमी एकाच वेळी करावे. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्यापूर्वी आणि सारख्याच कपड्यांत. रोज वजन केले तर एका दिवसाच्या आकड्याला महत्त्व न देता सात दिवसांची सरासरी काढावी आणि ती मागील सरासरीशी ताडून पाहावी. काटा घरी नसेल तरी अडत नाही. शिंप्याची साधी फीत घेऊन महिन्यातून दोनदा कमरेचा घेर मोजावा. पट्टा एक भोक आत जाणे, जुनी पोलकी पुन्हा अंगात बसणे, जिना चढताना दम न लागणे, ही मापे पाण्याच्या चढउताराने सहजी फसत नाहीत.

वजन थांबले म्हणून लगेच आहार आणखी तोडू नये. तीन-चार आठवडे वाट पाहावी, पुरेशी झोप घ्यावी, मीठ आवरावे, डाळी, उसळी, दूध अशी प्रथिने आहारात ठेवावीत आणि चालणे चालू ठेवावे.

मात्र काही प्रसंगी वाट पाहत बसू नये. कोणताही प्रयत्न न करता वजन उतरू लागले, त्याबरोबर फार तहान आणि वारंवार लघवी होऊ लागली, किंवा दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला आणि संध्याकाळचा ताप राहिला, तर ती मधुमेहाची किंवा क्षयरोगाची लक्षणे असू शकतात. त्याचप्रमाणे दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढून पायांवर सूज आली किंवा धाप लागली, तर हृदय किंवा मूत्रपिंड यांचा विकार असू शकतो. अशा वेळी विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

वजन उतरवणे ही जिना उतरण्यासारखी क्रिया आहे. पायरीच्या सपाट भागावर पाऊल असते, तेव्हा आपण खाली जात आहोत असे वाटत नाही. परंतु त्या सपाट भागावरून पुढे गेल्याशिवाय पुढची पायरी येत नाही. ज्याला हे समजले, तो थांब्यावर निराश होत नाही आणि एकाएकी झालेल्या घसरणीने हुरळूनही जात नाही. तो चालत राहतो.

शब्दार्थ

मेद – चरबी
संप्रेरक – शरीरातील ग्रंथींतून रक्तात मिसळणारे व अवयवांच्या कार्याचे नियमन करणारे द्रव्य
चयापचय – अन्नापासून ऊर्जा मिळवणे व शरीराची घडण करणे या क्रिया
मलावरोध – पोट साफ न होणे
वर्ज्य – टाळण्याजोगे

स्वाध्याय

१. पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरण्याची कारणे सांगा.
२. धान्याच्या पोत्याच्या उदाहरणातून कोणती गोष्ट स्पष्ट होते?
३. सूज आलेल्या कुपोषित बालकाचे वजन उपचारानंतर प्रथम कमी का होते?
४. रोज ३०० किलोकॅलरींची तूट असेल तर एका दिवसात सुमारे किती ग्रॅम मेद घटेल, ते काढा.
५. ‘काटा खोटे बोलत नाही, पण तो पूर्ण हकीकतही सांगत नाही.’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत आठ-दहा ओळींत लिहा.